रोजच्या वापरासाठी नवा कॅमेरा: कोणता निर्णय आधी, कोणता नंतर

‘साठ हजारांत चांगला कॅमेरा कोणता?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण कॅमेऱ्याने काय करायचं आहे हेच त्यात नसतं. तरी बहुतेक खरेदी याच प्रश्नावर होते. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघायचे, सेलमध्ये सूट दिसली की बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायची, सोबत आलेली लेन्स लावायची. दिवाळी झाली की कॅमेरा कपाटात जातो. कॅमेऱ्यात खोट नसते. निर्णयांचा क्रम उलटा लागलेला असतो: आधी कंपनी, मग मेगापिक्सेल, मग किंमत, आणि लेन्सचा विचार पैसे संपल्यावर.

खाली जो क्रम दिला आहे तो शक्यतो मोडू नका. प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं.

पायरी १: फोनमधले बिघडलेले फोटो शोधा

दुकानाच्या आधी फोनची गॅलरी उघडा. गेल्या वर्षभरातले, तुम्हाला हवे होते पण नीट आले नाहीत असे वीस-पंचवीस फोटो वेगळे काढा. प्रत्येकापुढे कारण एका शब्दात लिहा: हलला, अंधार, लांब होतं, उशीर झाला.

मग त्या फोटोचा तपशील उघडा. बहुतेक फोनमध्ये फोटो वर सरकवला की शटरचा वेग (फोटो घेताना शटर किती वेळ उघडं होतं) आणि आयएसओ (कमी प्रकाशात चित्र किती उजळवलं) दिसतो. घरात ट्यूबलाइटखाली पळणाऱ्या मुलाचा फोटो हललेला असेल, तर तिथे १/२५ किंवा १/३० सेकंद असं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. पळणारं मूल स्थिर दिसायला निदान १/२५० लागतं, आरतीत टाळ्या वाजवणारे हात थांबवायलाही साधारण तेवढंच.

यादी झाली की कागदावर दोनच ओळी लिहा: मुख्य काम आणि दुय्यम काम. ‘घरातली मुलं, संध्याकाळी’ हे मुख्य काम असू शकतं, ‘शाळेचं स्नेहसंमेलन’ दुय्यम. ‘सगळंच’ असं लिहू नका. सगळंच करणारा कॅमेरा मिळतो, पण तो खांद्यावर घेऊन रोज कुणी फिरत नाही.

> तपासा: यादीत भर दुपारचे, बाहेरचे, जवळचेच फोटो असतील आणि कारण ‘लेन्सवर बोटाचे ठसे’ एवढंच असेल, तर नव्या कॅमेऱ्याने फारसा फरक पडणार नाही. पैसे वाचवा.

पायरी २: बजेट लिहा, पण पूर्ण

बॉडीची किंमत म्हणजे बजेट नव्हे. कागदावर हे सगळं येऊ द्या: बॉडी, सोबतची लेन्स, एक उजळ लेन्स (जास्त प्रकाश आत घेणारी), दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी, साधी बॅग, फोटो साठवायला हार्ड डिस्क.

माझा नियम सरळ आहे. हाताशी १०० रुपये असतील तर बॉडी आणि सोबतची लेन्स मिळून ६०-६५ रुपयांच्या वर जाऊ देऊ नका. उरलेल्यात दुसरी लेन्स बसली पाहिजे. बसत नसेल तर बॉडी एक पायरी खालची घ्या. खालच्या बॉडीवर चांगली लेन्स रोजच्या फोटोंमध्ये वरच्या बॉडीवरच्या साध्या लेन्सला मागे टाकते, आणि का ते पुढच्या पायरीत आहे.

> सावधान: ‘फ्री ट्रायपॉड, फ्री बॅग, फ्री कार्ड’वाल्या पॅकेजमधलं कार्ड सहसा संथ असतं आणि ट्रायपॉड डुगडुगतो. त्याऐवजी किंमत कमी करून मागा.

पायरी ३: प्रकाशाचा हिशोब करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि कपाटात गेलेले बरेच कॅमेरे इथेच फसलेले असतात.

बॉडीसोबत मिळणारी छोटी झूम लेन्स १६-५० किंवा १८-४५ मिलिमीटरची असते (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ). तिच्यावर एफ ३.५-५.६, ३.५-६.३ किंवा ४.५-६.३ असे आकडे लिहिलेले असतात. एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, आणि झूम पुढे नेला की हा आकडा वाढत जातो. एफ १.८च्या लेन्समधून एफ ५.६च्या तुलनेत सुमारे नऊ-दहा पट प्रकाश आत येतो.

आता हे आपल्या दिवाणखान्यात लावून बघू. रात्री एक ट्यूब चालू आहे आणि तुम्हाला १/१६० सेकंदाने फोटो हवा आहे. एफ १.८ला त्यासाठी साधारण आयएसओ १६०० पुरतो. तीच खोली, तेच मूल, पण एफ ५.६ असेल तर आयएसओ १६०००च्या आसपास जावं लागतं. १६००ला आजचा कुठलाही एपीएस-सी कॅमेरा (मध्यम आकाराच्या सेन्सरचा, पायरी ५ बघा) स्वच्छ फोटो देतो. १६०००ला केसांचा पोत जातो, गालांवर रवाळ ठिपके येतात. फोन अशा वेळी अनेक फ्रेम एकत्र करून चित्र गुळगुळीत करतो, म्हणून सत्तर हजारांचा कॅमेरा घेऊनही ‘फोनचाच बरा होता’ असं वाटतं.

इथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लेन्समधलं किंवा बॉडीमधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. देवळातला स्थिर गाभारा त्याने छान येतो, पळणारं मूल मात्र तसंच हललेलं येतं. तुमच्या यादीत ‘हलला’ हा शब्द जास्त वेळा आला असेल तर स्टॅबिलायझेशनसाठी जादा पैसे मोजण्याआधी उजळ लेन्स घ्या.

> तपासा: मुख्य काम घरात किंवा रात्रीचं आहे का? असेल तर एफ २ किंवा त्याहून उजळ एक लेन्स सक्तीची. मुख्य काम दिवसाउजेडीचं, प्रवासाचं असेल तर सोबतची झूम वर्षभर पुरेल.

पायरी ४: किती मिलिमीटर हवे ते खोलीत मोजा

उजळ लेन्स म्हटली की दुकानदार ५० मिलिमीटर एफ १.८ पुढे करतो. लेन्स उत्तम असते, स्वस्तही असते. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिची चौकट घट्ट होते. तीन मीटर अंतरावरून ती जेमतेम १.४ मीटर रुंदीचं दृश्य घेते. दहा बाय बाराच्या खोलीत म्हणजे तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आणि तरी चौघांपैकी दोघेच फोटोत. तेवढ्याच अंतरावरून ३५ मिलिमीटर सुमारे दोन मीटर घेते, ३० मिलिमीटर त्याहून थोडं जास्त, १६ मिलिमीटर जवळजवळ साडेचार मीटर.

म्हणून एपीएस-सीवर घरातल्या माणसांसाठी २४ ते ३५ मिलिमीटरमधली उजळ लेन्स बघा. निकॉनची २४ मिलिमीटर एफ १.७, सोनी आणि कॅननच्या ३५ मिलिमीटर एफ १.८, सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४ ही यातली नावं. ५० मिलिमीटर एकट्या माणसाच्या, अर्ध्या अंगाच्या फोटोला सुंदर. बारशाच्या गर्दीला नाही.

लांबच्या कामाचा हिशोबही असाच. स्टेजपासून १५ मीटरवर बसला असाल तर २१० मिलिमीटरला सुमारे पावणेदोन मीटर रुंदी मिळते, म्हणजे नाचणारी एक मुलगी चौकटीत बसते. ५० मिलिमीटरला अख्खा स्टेज येतो आणि चेहरे बारीक राहतात. पक्षी हे मुख्य काम असेल तर हा लेख तुम्हाला पुरणार नाही, त्याचं बजेट आणि वजन दोन्ही वेगळं.

> सावधान: ‘३० एक्स झूम’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो फक्त सर्वांत रुंद आणि सर्वांत लांब टोकांचं प्रमाण आहे. मिलिमीटर विचारा. आणि डिजिटल झूम हिशोबात धरूच नका, ते फोटो कापून मोठं करणं आहे.

पायरी ५: सेन्सरचा आकार ठरवा

लेन्सची गरज कळली की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, आपोआप ठरतो. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ (कॅननचा किंचित लहान), मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, एक इंची १३.२ × ८.८. सेन्सर मोठा तशी अंधारात ताकद जास्त, पण लेन्सही मोठ्या, जड आणि महाग.

रोजच्या वापराला माझं मत एपीएस-सीच्या बाजूने आहे. फुल फ्रेम बॉडी सेलमध्ये आवाक्यात आली म्हणून घेणारे पुढे लेन्सच्या किमती बघून थांबतात आणि एका झूमवर वर्षानुवर्षं काढतात. लेन्स बदलायची नाहीच, खिशात मावणारा कॅमेरा हवा, असं पक्कं असेल तर एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट बघा. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हे त्या वर्गातले. दोन्ही २०१९चे आहेत, त्यामुळे किंमत नीट तोलून बघा.

ऑनलाइन दुकानांत पाच-दहा हजारांना ‘४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम’ अशा जाहिरातीचे अनोळखी कॅमेरे दिसतात. त्यांत नखाएवढा सेन्सर असतो आणि मेगापिक्सेल बहुतेक सॉफ्टवेअरने फुगवलेले. लहान मुलाला खेळायला दिलात तर वेगळी गोष्ट.

मेगापिक्सेलबद्दल इतकंच: २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंची पान उत्तम दर्जाने छापायला २० मेगापिक्सेलही पुरतात. फोर-के टीव्हीला ८.३. आज विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक नामांकित मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) यात बसतो, पुढे चला.

पायरी ६: माउंट, मग बॉडी

बॉडी चार-पाच वर्षांत बदलाल, लेन्स त्याहून जास्त टिकतील. म्हणून आधी माउंट (बॉडीला लेन्स जोडायची जागा, दर कंपनीची वेगळी) निवडा: कॅनन आरएफ, निकॉन झेड, सोनी ई, फुजीफिल्म एक्स. पायरी ४मध्ये ठरवलेली लेन्स त्या माउंटला मिळते का, किती रुपयांना, आणि तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे तीन प्रश्न विचारा. सोनी ईला इतर कंपन्यांच्या लेन्सची निवड सर्वांत मोठी. कॅननच्या आरएफ माउंटला सिग्माने एपीएस-सी लेन्स आणायला २०२४मध्ये सुरुवात केली, त्याआधी तिथे पर्याय थोडे होते.

> सावधान: जुन्या बाजारात कॅननचे एम मालिकेतले कॅमेरे स्वस्तात मिळतात. त्यांचं ईएफ-एम माउंट बंद झालं आहे आणि आरएफ लेन्स त्यांना बसत नाहीत. पुढे वाढायचं असेल तर टाळा.

आता बॉडी. यादीतल्या कामाला लागेल तेवढंच बघा.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी): उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. किल्ल्यांवर, समुद्रावर फिरणाऱ्याने व्ह्यूफाइंडर सोडू नये. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० हे मुख्यतः व्हिडिओसाठीचे कॅमेरे, त्यांत तो नाही. कॅनन आर५० आणि निकॉन झेड५० मार्क २ मध्ये आहे.

स्क्रीन: फिरणारी आणि स्पर्शाने चालणारी असावी. रांगत्या बाळाच्या उंचीवर कॅमेरा नेऊन फोटो काढायचा तर तिचाच उपयोग. कॅनन आर१०० स्वस्त आहे, पण त्याची स्क्रीन ना फिरते ना स्पर्श ओळखते. थोडे पैसे वाढवून आर५० घेणं मला जास्त पटतं.

फोकस: चेहरा आणि डोळा ओळखून मागे लागणारा फोकस फोटो आणि व्हिडिओ दोन्हींत चालतो का, ते विचारा. काही स्वस्त मॉडेलांत फोर-के व्हिडिओ लावला की फोकस मंदावतो किंवा चित्र कापलं जातं.

पायरी ७: दुकानात हातात घ्या

ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा दुकानात जा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत, इतर शहरांत कंपन्यांची शोरूम असतात. स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड सोबत न्या.

१. दुकानाच्या झगमगत्या काउंटरवर नको, सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात चालत्या माणसाचे फोटो काढा.
२. उजव्या हाताने कॅमेरा पाच मिनिटं धरून उभे राहा. करंगळी खाली लोंबकळत असेल आणि मनगट दुखायला लागलं तर ती बॉडी तुमची नाही.
३. चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का बघा.
४. दुकानदाराला न विचारता आयएसओ आणि शटर बदलून बघा.
५. फोनवर कंपनीचं ॲप टाकून एक फोटो पाठवा. कॅमेऱ्यातून फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहज गेला नाही, तर तो कॅमेरा रोज बाहेर निघत नाही.

कार्ड घरी आणून फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. त्याच दिवशी खरेदी करू नका.

पायरी ८: बिल, खोका, वॉरंटी

पैसे देण्यापूर्वी तीन ठिकाणचा अनुक्रमांक एकच आहे का बघा: बॉडीच्या खाली, खोक्यावर आणि बिलावर. लेन्सचा वेगळा क्रमांकही बिलावर लिहून घ्या. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली चिकटपट्टी हवी. ती नसेल तर माल अधिकृत वाटेने आलेला नसण्याची शक्यता मोठी. असा कॅमेरा पाच-दहा हजारांनी स्वस्त मिळतो, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही. ‘दुकानाची वॉरंटी’ ही त्या दुकानदाराच्या शब्दाएवढीच.

जीएसटी बिल घ्याच. कॅमेऱ्यावर १८ टक्के कर लागतो, तो वाचवून कच्चं बिल देऊ करणारा तुमचा वॉरंटीचा दावाही सोबत काढून घेतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात नोंदणी करा, काही कंपन्या वाढीव वॉरंटी नोंदणीवरच देतात. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परदेशातल्या भावाकडून किंवा मित्राकडून मागवणार असाल तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी कंपनीला लेखी विचारा. जपानमध्ये तिथल्या बाजारासाठी विकल्या जाणाऱ्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर शटर किती वेळा उडालं आहे ते तपासा. साध्या बॉडींचं शटर साधारण एक लाख वेळा चालेल असं धरतात. लेन्सच्या आरपार मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही उतरवली तरी परत द्या.

पायरी ९: पहिल्या आठवड्यात चाचण्या

बदलून देण्याची मुदत चालू असतानाच हे उरका. खोका, आतले पुठ्ठे आणि पिशव्या फेकू नका.

- आधी सेटिंग: वेळ, तारीख, आणि व्हिडिओसाठी मेनूतलं ‘पाल’ (PAL) किंवा ५० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. एनटीएससी (NTSC) किंवा ६० हर्ट्झ राहिलं तर घरातल्या दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे लुकलुकतात.
- ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ६४०० आणि किमान शटर १/१२५ ठेवा. पळणाऱ्या मुलांसाठी १/२५० करा.
- घरात एलईडीखाली ‘सायलेंट’ शटर बंद ठेवा. फोटोत आडवे काळपट पट्टे येण्याचं ते नेहमीचं कारण आहे.
- सेन्सर: लेन्सवर टोपी लावून एक सेकंदाचा फोटो काढा आणि पूर्ण मोठा करून बघा. लख्ख रंगीत ठिपके बरेच असतील तर दाखवा. मग एफ १६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून धूळ तपासा.
- लेन्स: भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा टेबलावर समोरासमोर ठेवा, एफ ५.६ला दोन सेकंदांच्या टायमरने फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखीच दिसली पाहिजेत. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स बदलून मागा.
- कार्ड: व्ही३० लिहिलेलं घ्या, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने तासाला ४५ गिगाबाइट खातो. बनावट कार्डं बाजारात खूप आहेत, म्हणून पहिल्यांदा पूर्ण भरून, परत संगणकावर उतरवून बघा.

> तपासा: पायरी १मधल्या यादीतले निदान पाच प्रसंग या आठवड्यात पुन्हा टिपा. तेच फोटो अजून हलत असतील तर आधी शटर आणि लेन्स बघा, कॅमेरा परत करायची घाई नको.

पायरी १०: पावसाळ्याआधी ठेवण्याची सोय

कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी धरते, आणि ती साफ करायचा खर्च कधीकधी नव्या लेन्सच्या जवळ जातो. कॅमेरा बॅगेत, त्यातही चामड्याच्या केसमध्ये, महिनोन्‌महिने ठेवू नका. कापड आणि चामडं ओल धरून ठेवतं.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. निळी सिलिका गुलाबी झाली किंवा केशरी हिरवी झाली की ती तापवून वाळवा. तांदळाचे दाणे घालू नका, त्यांची पूड लेन्सच्या सांध्यांत शिरते. एसी खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बॅगेत बंदच ठेवून अर्धा तास थांबा, नाहीतर काचेवर आणि आतही दव धरतं. आणि दर पंधरा दिवसांनी डबा उघडून कॅमेरा वापरा, उजेडात आणि हवेत राहिलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.